देवरहाटातली झाडं तोडून देऊळ मोठं करावं का? (गावच्या सभेआधी मत हवंय)

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज मात्र लिहायलाच बसले.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यात, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आमच्या गावदेवीचं देऊळ देवरहाटात आहे, घाटावर देवराई म्हणतात तेच, आमच्याकडे नुसतं रहाट. देऊळ म्हणजे जांभ्याच्या चार भिंती, वर कौलं, आत शेंदूर लावलेले तांदळे, म्हणजे देवीचे बिनघडीव दगड. आणि भोवती तीन-साडेतीन एकर रान. बेहडे, सातवीण, किंजळ, जुने रायवळ आंबे, एक चांदाडा जो चार जणांनी हात धरले तरी कवेत येत नाही, आणि वर चढलेली गारंबी जिच्यावर आम्ही सगळ्या पोरांनी झोके घेतले. भर दुपारी आत शिरलं तरी डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो.

आता गाव आणि मुंबई मंडळ मिळून जीर्णोद्धार ठरलाय. आरसीसी देऊळ, मोठा सभामंडप, भोवती फरशी, गाड्या लावायला जागा. त्यासाठी चौदा झाडं जाणार, त्यात तो चांदाडा आणि दोन मोठे बेहडे. लाकडाचे पैसे देवळालाच लागणार आहेत म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. देवीने कौल दिलाय असंही सांगतात.

शिमग्याआधी सभा आहे. मी माहेरवाशीण, बोलू का, आणि बोलले तर कसं? मला देवधर्म बाजूला ठेवून बोलायचं नाहीये, मी दरवर्षी ओटी भरते, देवीवर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच मला वाटतं की रान हेच तिचं घर आहे आणि आपण तिचं घर मोडून तिला घर बांधायला निघालोय. हे चुकतंय का माझं?

घाटपायथा
चांदाडा तोडू देऊ नका. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ड्युटीवर आहे.

अभियंता७१
ताई, मी जरा दुसऱ्या बाजूने बोलतो, राग मानू नका. आमच्या गावच्या जीर्णोद्धारात मी स्वतः राबलोय. पावसात देवळाची भिंत ओल धरते, कौलं सरकतात, नवरात्रात म्हाताऱ्या बायका चिखलात उभ्या राहतात, प्रसाद शिजवायला आडोसा नसतो. मुंबईचा माणूस वर्षातून दोनदा येतो, तेव्हा आईवडिलांना गाडी देवळापर्यंत नेता यावी एवढीच त्याची इच्छा असते, आणि त्यासाठी तो पगारातले पैसे काढून देतो. त्याला झाडांचा शत्रू ठरवू नका. होळीसाठी दरवर्षी एक झाड देवीला विचारून तोडतातच ना? मग तिच्याच देवळासाठी तोडलं तर दोष कसला?

पावशा
अभियंताराव, होळीचं झाड एक असतं आणि विचारून असतं, तेही बहुतेक ठिकाणी ठरलेल्या जातीचं. चौदा झाडं आणि त्यावर फरशी ही वेगळी गोष्ट आहे. एक झाड काढलं तर तिथे ऊन पडून खालची रोपं वर येतात. फरशी घातली की तिथे काहीच उगवत नाही.

रानजाईताई, तुमचं अजिबात चुकत नाहीये, आणि तुम्हाला धर्माच्या बाहेर जाऊन बोलायची गरजही नाही. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात पृथ्वीसूक्त आहे. ‘माता भूमिः पुत्रो अहं पृथिव्याः’ एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच सूक्तातली दुसरी ऋचा मला जास्त जवळची वाटते: ‘यत्ते भूमे विखनामि क्षिप्रं तदपि रोहतु’, म्हणजे हे भूमी, तुझ्यात मी जे खणतो ते लवकर भरून येवो, आणि पुढे म्हणतो की तुझ्या मर्माला, तुझ्या हृदयाला माझ्याकडून इजा न होवो. बघा, खणणारा माणूस आहे तो. शेती करतो, घर बांधतो, काहीच घेणार नाही असं म्हणत नाही. घेताना मर्म कुठे आहे ते ओळख, एवढंच सांगतो. मला वाटतं देवराई म्हणजे गावाने ओळखून ठेवलेलं मर्म.

ओळंबा
पावशा, ऋचा सुंदर आहे पण मला दोन गोष्टी मनापासून खटकतात.

एक, आपल्याच महाभारतात खांडववन जाळल्याची कथा आहे, प्राणी पक्षी नाग सगळ्यांसकट. परंपरेत दोन्ही आहे, जंगल पुजणं पण आणि जंगल जाळून नगर वसवणं पण. आपण एकच बाजू सांगत राहिलो तर समोरचा दुसरी काढणार.

दोन, देवराया कुणी राखल्या? काळकाई, वाघजाई, म्हातोबा, जनाई, ही काय वेदातली नावं नाहीत. महादेव कोळी, कातकरी, कुणबी, धनगर, गुरव अशा लोकांनी राखल्या ज्यांना संस्कृत येत नव्हतं. त्यांना ‘हिंदू पर्यावरणविचार’ असं मोठं नाव देऊन आपण श्रेय ग्रंथांना देतो आणि राखणारे बाजूला पडतात. हे मी चिडून लिहीत नाहीये, माझे आजोबाच राखणदार होते.

पावशा
पटलं. नीट वाक्यात दुरुस्ती करतो: राखली त्यांनी, सूक्त फक्त तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगतं. पण एक सांगा, आजोबांना तुम्ही विचारलं असतं की तुम्ही हिंदू का, तर काय म्हणाले असते? मला वाटतं हो म्हणून पुन्हा रानाकडे बघत बसले असते.

ओळंबा
हो म्हणाले असते, आणि मग तुम्हाला चपला काढून आत या म्हणाले असते 🙂

आजोळ_मावळ
आमच्या मावळात आजिवलीला वाघजाईची देवराई आहे, भेरली माडांसाठी नावाजलेली. लहानपणी मामा घेऊन जायचा. वाळलेली काटकी उचलली तरी ओरडायचा, टाक तिथं, देवीची आहे म्हणून. मी विचारलं देवी काय करणार काटकीचं? तर म्हणाला वाळवीला घालेल. आता वनस्पतीशास्त्र शिकवताना मुलांना कुजलेल्या लाकडाचं महत्त्व सांगते तेव्हा दरवेळी मामाचंच वाक्य वापरते.

घाटपायथा
रात्र झाली, आता लिहितो.

ओळंबा म्हणतायत ते बरोबर, पण हे राखणं शास्त्रज्ञांच्याही लक्षात आलं ते १९७०च्या दशकात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी पश्चिम घाटातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या, १९७६ साली त्यांचा शोधनिबंध आला. त्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकीकत आहे. तेव्हा रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. आजूबाजूचे डोंगर कोळशासाठी बोडके झालेले, गावाला कळत होतं की पाणी टिकलंय ते काळकाईच्या राईमुळे, आणि राईच तोडायचं घाटत होतं तेव्हा गावाने या लोकांना साकडं घातलं. कोकणातले डोंगर मुंबईच्या चुलींसाठी कोळसा होऊन गेले आणि त्या उजाड डोंगरांत हिरवे ठिपके राहिले ते देवाच्या नावावर होते म्हणून.

ताई, तुमच्या रहाटात पाणी आहे का? वहाळ, झरा, विहीर? सभेत तिथून सुरुवात करा. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर लागतो अशी गावं आपल्याकडे आहेत. पालापाचोळ्याखालची भुसभुशीत माती पाणी मुरवते, मुळं ती माती धरून ठेवतात, फरशीवरून तेच पाणी धावत वहाळात जातं. हे गावातल्या कुठल्याही बाईला पटेल कारण हंडा तिच्या डोक्यावर असतो.

रानजाई
आहे! देवळाच्या मागे दगडी कुंडी आहे, वाडीची पाइपलाइन तिथूनच घेतलीय, मे महिन्यातही बारीक धार असते. हे मला सुचलंच नव्हतं, डोळ्यासमोर असून.

सत्तरीचो
गोव्यातून लिहितोय. आमच्या सत्तरीत बांबर गावाजवळ निरंकाराची राय आहे, रानजायफळाची दलदल. आत पाय ठेवला की चिखलातून गुडघ्यासारखी वाकलेली मुळं वर आलेली दिसतात, झाडं त्यांतून श्वास घेतात कारण खाली पाणीच पाणी. असली दलदल दक्षिणेत केरळ-कर्नाटकात, आणि इकडे अगदी थोड्या ठिकाणी उरलीय. देवाच्या भीतीनं कुणी हात लावला नाही म्हणून ती आहे. तुमच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्यालाही अशीच आहे, जेमतेम अडीच हेक्टर, ती आता सरकारनं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलीय. अडीच हेक्टर! तुमचे साडेतीन एकर कमी समजू नका.

शेवंती_कोल्हापूर
मला एक अवघड गोष्ट लिहायची आहे. आमच्या गावच्या देवराईत बायकांना आत जायला बंदी होती, अजूनही काहीजण पाळतात. आणि ठरावीक समाजाच्या लोकांना तर वेशीपासूनच नमस्कार. मी झाडांवर प्रेम करते पण ‘आपली परंपरा किती थोर’ असं ऐकलं की माझ्या आईचा चेहरा आठवतो, ती आयुष्यभर बाहेर उभी राहिली. रान राखायला नियम लागतात हे मला मान्य आहे, कोयता नको, चूल नको, चप्पल नको. बाई नको हा नियम कुठल्या झाडाला वाचवतो?

रानजाईताई, तुम्ही माहेरवाशीण असून बोलायचं ठरवलंत याचा मला फार आनंद झाला. बोलाच.

ओळंबा
शेवंती, याला उत्तर नाही, आणि कुणी देऊ पण नये. हा नियम गेला पाहिजे आणि रान राहिलं पाहिजे.

डोंबिवलीची_सून
थोडं विषयांतर, पण जवळचंच. वटपौर्णिमेला आमच्या इथे बाजारात वडाच्या फांद्या दहा-वीस रुपयांना मिळतात, सकाळी टेम्पो भरून येतात आणि संध्याकाळी कचऱ्यात. वडाचं आयुष्य मागायचं नवऱ्यासाठी आणि वडच तोडायचा. गेल्या सहा वर्षांपासून आमच्या सोसायटीतल्या आम्ही नऊ जणी रेल्वे लाइनपलीकडच्या वडापर्यंत चालत जातो. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या एवढ्या उन्हात कुठे, आता त्याच सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसतात.

पावशा
दसऱ्याला पण तेच. आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडून आणतात. सोनं म्हणून द्यायचं तर एक पान हातावर ठेवलं तरी पुरतं.

मिरजेचा_मास्तर
रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आंबा-फणसाच्या झाडांबद्दल लिहिलंय ते ताई सभेत जरूर सांगा. आरमारासाठी लाकूड तर हवंच होतं, तरी रयतेची झाडं जबरदस्तीने तोडू नका असं बजावलंय, कारण लोकांनी ती लेकरांसारखी वर्षानुवर्षं जपून वाढवलेली असतात. गरज नाकारली नाही, पण हात कुठे आवरायचा ते सांगितलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा मजकूर आहे. गावच्या सभेत शिवकाळाशी नातं असलेला शब्द फार ऐकला जातो, माझा अनुभव आहे.

ओसाकाकर
मी नोकरीनिमित्त जपानात आहे. इथे शिंतो देवळांभोवती असंच रान राखतात, छोट्या गल्लीतल्या देवळाला पण दहा-बारा जुनी झाडं असतात आणि मोठ्या झाडाच्या खोडाला जाड दोर बांधलेला असतो, म्हणजे हे झाड पवित्र. टोकियोतलं मेइजी देवस्थान १९२० मध्ये झालं, त्यासाठी लोकांनी देशभरातून सुमारे एक लाख झाडं दान दिली, आज ते शहराच्या मधोमध जंगल आहे. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला आजोळचं रहाट आठवून रडू आलं, खरंच. देवस्थानाला देणगी म्हणून फरशीऐवजी झाड देता येतं, हे तुमच्या मुंबई मंडळाला सुचवून बघा.

घाटपायथा
ओसाकाकर, छान. फक्त एक जोडतो, लावलेलं रान आणि राहिलेलं रान यात फरक असतो. हल्ली कुठेही दाट झाडं लावली की देवराई म्हणतात, लावा जरूर, पण ती दाखवून जुनी तोडायला परवानगी मागितली तर देऊ नका. चांदाड्याला तेवढं व्हायला किती पिढ्या लागल्या असतील!

सातबारा_दादा
कायद्याचं सांगतो, महसूलमध्ये होतो, आता निवृत्त.

आधी त्या जागेचा सातबारा काढा. देवस्थान इनाम आहे, सरकारी पड आहे, वनखात्याची नोंद आहे की खाजगी सामाईक, यावर सगळं अवलंबून. कोकणात रहाट बऱ्याच ठिकाणी खाजगी नावांवर निघतात आणि सतरा वारसांच्या सह्या लागतात. जमीन खाजगी असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ आहेच, त्याच्या यादीत आंबा, फणस, किंजळ, जांभूळ, हिरडा, आईन ही झाडं येतात, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोड नाही. जैवविविधता कायदा २००२ खाली ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत रहाटाची नोंद करून घ्या. आणि १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांची, म्हणजे तिकडच्या देवरायांची, मोजणी करून संरक्षण द्यायचा आदेश दिलाय, केंद्राने पण धोरण करावं असं म्हटलंय.

पण ताई, सभेत पहिल्याच वाक्याला कायदा काढू नका. गावाला धमकी वाटली की संपलं.

रानपाखरू_देवरुख
बेहड्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. संगमेश्वर-देवरुख पट्ट्यात धनेशाची घरटी जुन्या बेहड्यांच्या ढोलीत असतात. मादी ढोलीत जाऊन बसते, विष्ठा आणि चिखलाने तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला त्या फटीतून फळं भरवतो. शिमग्याच्या सुमारास ती आत बंद असते. त्या वेळी झाड पाडलं तर आई आणि पिल्लं दोन्ही गेली, बाहेर नर फळं घेऊन फिरत राहतो.

रानजाई, प्लीज जाऊन बघा, बेहड्याच्या बुंध्याशी फळांच्या बियांचा आणि विष्ठेचा ढीग दिसतो का. लांबूनच बघा, थांबू नका. आपल्या भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने देवरहाटांवर बरीच वर्षं काम केलंय, त्यांना पण विचारता येईल.

अभियंता७१
हे मला माहीत नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली ओटी भरताना आपण तिला लेकुरवाळी म्हणतो ना. मी काल जे लिहिलं त्यातलं मंडपाचं आणि आडोशाचं अजूनही म्हणतो, त्याची गरज खरी आहे. पण जागा बदलता येईल, ताई. मंडप देवळाला चिकटूनच पाहिजे असं काही नाही.

गुरवाचा_नातू
मी एकच विचारतो. कौल दिला म्हणतात, तर प्रश्न काय विचारला होता?

आमच्या घरात कौल लावतात, म्हणून विचारतोय. पाकळ्या ओल्या करून तांदळ्याला चिकटवतात, उजवी पडली तर होय, डावी तर नाही. पण देवी उत्तर देते ते विचारलेल्याच गोष्टीचं. ‘आई, तुझं देऊळ नवं बांधू का’ असं विचारलं तर उजवी पडेल, कुठली आई लेकरांना नको म्हणेल? ‘तुझ्या राईतला चांदाडा तोडू का, बेहडा तोडू का’ असं नाव घेऊन विचारलंय का? आजोबा सांगायचे की गाऱ्हाणं घालताना काही लपवायचं नाही, सगळं तिच्यापुढे मांडायचं, मग पाकळी लावायची.

सत्तरीचो
हे बरोबर बोलला!

मिरजेचा_मास्तर
कायदा, पाणी, पक्षी सगळं एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे. ताई, हेच विचारा.

रानजाई (बारा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. कालच गावाहून आले, जे झालं ते सांगते.

सभेच्या आदल्या दिवशी भाच्याला घेऊन रहाटात गेले. मोठ्या बेहड्याखाली बिया पडलेल्या होत्या, ढीगच. आम्ही कुंडीपाशी लांब बसलो, वीसेक मिनिटांत पंखांचा तो आवाज आला, वाफेच्या इंजिनासारखा, आणि नर येऊन फटीशी बसला. एकेक फळ घशातून वर काढून आत देत होता. भाचा नववीत आहे, त्याने मोबाइलवर काढलं. मी काहीच काढलं नाही, नुसती बघत बसले.

सभेत आधी मला बोलू देत नव्हते. मग मी कायद्याचं काहीच न काढता कुंडीचं बोलले. खालच्या वाडीतल्या दोन वहिनी उठून म्हणाल्या की पाणी गेलं तर आम्ही कुठं जायचं. भाच्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, म्हाताऱ्या मानकऱ्यांनी दोनदा बघितला. आणि मग मी गुरवकाकांना विचारलं, काका, प्रश्न काय घातला होता? काका बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, देऊळ बांधू का एवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर पुन्हा गाऱ्हाणं घातलं. चांदाड्याचं नाव घेऊन, बेहड्यांची नावं घेऊन. पाकळी किती तरी वेळ हललीच नाही. मग डावी पडली. कुणी काही बोललं नाही, मुंबई मंडळाचे अध्यक्ष पण नाही, त्यांनी फक्त हात जोडले.

सगळंच चांगलं झालं असं नाही. दोन किंजळी आणि एक आंबा सभेच्या आधीच तोडून नेले होते, बुंधे ओले होते अजून. ते कुणी केलं यावरून गावात कुरबुर चालू आहे. शेवंतीताई, देवळाच्या आत जाण्याबद्दल आमच्याकडे बायकांना बंदी नाही, पण कौलाला बायका पुढे बसत नाहीत, या वेळी मी बसले. कुणी उठवलं नाही.

आता ठरलंय असं की मूळ देवळाच्या भिंती आणि कौलं तेवढी नीट करायची, आणि मंडप व गाड्यांची जागा रहाटाबाहेर सहाणेजवळ, जिथे शिमग्याला पालखी बसते. ती जागा उघडीच आहे. पण सातबारा_दादा म्हणाले तसंच निघालं, त्या जागेवर अकरा नावं आहेत, तिघे मुंबईत, एक बडोद्याला, आणि दोघांचे वारस लागलेले नाहीत. वारसनोंदीला किती दिवस लागतात? आणि संमतीपत्र साध्या कागदावर चालेल का?

सातबारा_दादा
मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार नोंदवल्यावर हरकतीसाठी नोटीस निघते, ती मुदत जाऊ द्यावी लागते. साधा कागद नको, दस्त नोंदणी करूनच घ्या, पुढच्या पिढीत भांडण नको. बडोदेकरांना आत्ताच फोन लावा, मे महिन्यात गावी येतात का बघा.

अभियंता७१
सहाणेच्या जागेची लांबी-रुंदी आणि उतार कुठल्या बाजूला आहे ते कळवा. मंडपाचा नकाशा मी काढून देतो, पत्र्याचं पाणी खड्ड्यात मुरवायची सोय त्यातच करू. पैसे नकोत.

रानपाखरू_देवरुख
काम मे संपेपर्यंत सुरू करू नका एवढंच. पिल्लं बाहेर पडू देत.